एकावन्न दिवसांचं रिकामं पाणी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी टँकसाठी माझ्याकडून जे पत्र लिहून घेतलं, त्यात ‘मासे’ हा शब्द चार वेळा येतो. प्रत्यक्षात टँक भरल्यावर नऊ आठवडे त्यात एकही मासा नव्हता. येणारा-जाणारा विचारायचा, “मासे कुठायत?” मी म्हणायचे, “सायकलिंग चालू आहे.” त्यावर लोक माझ्या पायांकडे बघायचे.

गोड्या पाण्यातले मासे मी आठ वर्षं पाळतेय. गप्पी, मॉली, एक म्हातारा गोल्डफिश. खाऱ्या पाण्याच्या वाटेला कधी गेले नव्हते. पण लेकीने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊनफिशसाठी वर्षभर भुणभुण लावली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मी हो म्हणून बसले. पुढचं सगळं वहीतून उतरवते आहे. तारखा, आकडे, खर्च, आणि जिथे माती खाल्ली तेही.

टँक अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. हिशेबाने ११० लिटर, पण वाळू-दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी ९० लिटर. हा ९० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे औषधासारखं मोजून घालताना तोच लागतो. काच, वाळू, दगड, स्टँड धरून वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं, म्हणून आम्ही तो खोलीच्या मधोमध न ठेवता बीमजवळच्या भिंतीला लावला. सेक्रेटरींना वजनाची नाही, गळतीची काळजी होती. “खालच्यांच्या छताला ओल आली तर दुरुस्ती आम्ही करू” असं लिहून द्यावं लागलं. दोन प्रती, एकीवर पोच.

पाण्याने पहिला धडा दिला. घरात आरओ आहे, मग प्रश्नच काय, असं वाटलं होतं. मीटर लावला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ७४; हवे होते शून्य. आपल्या घरगुती आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं साधं पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, हे मला तेव्हा कळलं. मेकॅनिकने ३५० रुपये घेऊन तो बंद केला, आकडा ९ वर आला. पुढे उरलेसुरले क्षार शोषणारा, १,९०० रुपयांचा डीआय रेझिनचा डबा जोडल्यावर शून्य. (पिण्यासाठी व्हॉल्व्ह पुन्हा उघडून घ्यायला विसरू नका. आम्ही आठवडाभर बेचव पाणी प्यायलो.) ऑफिसमधल्या एकाने “चौपाटीवरून दोन कॅन भरून आण की” असा सल्ला दिला होता. मुंबईच्या किनाऱ्याला काय काय येऊन मिळतं ते ठाऊक असल्याने तो मोह झाला नाही.

दगडांची गोष्ट थोडी वेगळी. परदेशातले लोक ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवाणूंनी भरलेला दगड टाकतात आणि त्यांचं सायकलिंग भराभर होतं. हा दगड म्हणजे बहुतेकदा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा. आपल्याकडे २००१ साली प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलं. तरी एका दुकानात मला आतल्या खोलीतून “खास माल” दाखवण्यात आला, अर्थात बिलाशिवाय. मी नको म्हटलं आणि सिरॅमिकचे कोरडे, सच्छिद्र दगड घेतले, ३,५०० रुपयांचे. कोरड्या दगडावर काहीच जिवंत नसतं. म्हणजे सगळं शून्यापासून उगवायचं.

काय उगवायचं, ते सांगते. माशाची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजणारं काहीही, सगळ्यातून अमोनिया सुटतो. मासा तर तो मुख्यतः कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. समुद्रात तो पांगतो, ९० लिटरमध्ये कुठे जाणार? काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मग पाणी बदलून काढता येतं. हे दोन्ही प्रकारचे जिवाणू दगडाच्या, वाळूच्या, फिल्टरच्या पृष्ठभागावर घर करतात, पाण्यात जवळजवळ नसतात. आणि ते वाढतात अगदी रमतगमत. अन्न नासवणारे जिवाणू विसेक मिनिटांत दुप्पट होतात, यांना बरेच तास, कधी दिवसही लागतो. त्यांना खायला अमोनिया लागतो, म्हणून मासा आणायच्या आधी आपणच त्यांना तो पुरवायचा. यालाच सायकलिंग म्हणतात. सासूबाईंना समजावताना मी विरजणाचं उदाहरण दिलं. त्या म्हणाल्या, “मग दूध कुठाय?”

१२ जानेवारी, रविवार. मीठ आदल्या दिवशीच ड्रममध्ये घोळून ठेवलं होतं. ते टँकमध्ये ओतलं, वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, सुरू केला. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५, समुद्राच्या पाण्याइतकं. हे यंत्र नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ च्या (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मिठाच्या) तयार द्रावणावर जुळवून घ्या, माझं दोन घरं चुकीचं दाखवत होतं. तापमान २६. दिवा बंद. मासे नाहीत तोवर दिव्याने फक्त शेवाळ पोसलं जातं.

१५ जानेवारी. जुन्या पद्धतीप्रमाणे एक कोळंबी पायमोज्यात बांधून टँकमध्ये लटकवली. ती कुजणार, अमोनिया सुटणार. सासूबाईंनी कॅलेंडराकडे बोट दाखवलं: किंक्रांत. “आज काही नवं सुरू करू नये.” मी हसले.

चार दिवसांत हॉलमध्ये बंदरावरच्या बाजारासारखा वास. पाणी दुधाळ. २० तारखेला अमोनियाची टेस्ट केली: पाच मिलीच्या नळीत टँकचं पाणी, दोन बाटल्यांचे आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं, मग रंग कार्डाशी लावायचा. पिवळा म्हणजे शून्य, जितका हिरवा तितका जास्त. माझी नळी कार्डावरच्या शेवटच्या, ८ पीपीएमच्या (लिटरमागे ८ मिलिग्रॅम) हिरव्याहूनही गडद. कार्ड जिथे संपतं तिथे काय करायचं? एक भाग टँकचं पाणी आणि चार भाग नवं खारं पाणी मिसळून पुन्हा केली. २ आलं. पाचाने गुणलं, १०.

इथे माझी समजूत उलटी होती. जिवाणूंना अमोनिया लागतो ना, मग जास्त तर जास्त, लवकर वाढतील. तसं नसतं. फार अमोनिया झाला की नायट्राइट खाणारा दुसरा गट गुदमरतो, आणि पहिलाही सुस्तावतो. पोटाला पोळी लागते म्हणून बाळाच्या तोंडात पातेलंभर कोंबत नाही आपण.

कोळंबी काढली (पायमोज्यासकट, थेट कचऱ्यात, नवऱ्याने नाक धरून नेली). २१ ला निम्मं पाणी बदललं, अमोनिया ५. २३ ला ३६ लिटर बदललं, ३. पाणी बदललं तर जिवाणू जातात ही भीती बाळगू नका. वर सांगितलं तसं ते दगडावर असतात, आणि माझ्याकडे तेव्हा होतेच कुठे!

याच गडबडीत बाटलीतले जिवाणू मागवले होते, १,३५० रुपये. कुरियरने आलेली बाटली उघडली तर सडक्या अंड्याचा वास. तरी ओतली. चार दिवस वहीत तेच आकडे. बाटली निकामी होती की पाणीच तिला मानवलं नाही, सांगता येणार नाही. घ्यायचीच असेल तर तारीख बघून, शक्यतो दुकानातल्या फ्रिजमधली घ्या. दुकानदार सोबत अमोनिया ‘बांधून टाकणारं’ औषधही देत होता. तेही नको. माशांवर संकट आलं तर ते उपयोगी आहे, पण बऱ्याच किटवर बांधलेला अमोनियाही अमोनिया म्हणूनच दिसतो आणि आपण गोंधळतो.

खरं विरजण मिळालं ठाण्याला. ओळखीतून एक काका कळले, निवृत्त, खाऱ्या पाण्याचा टँक पाच वर्षांचा. २६ जानेवारीला गेले. त्यांनी फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या रिंगा मूठभर काढून त्यांच्याच टँकच्या पाण्यात, स्टीलच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या डब्यात दिल्या. “घरी जाईपर्यंत सुकू देऊ नकोस, आणि झाकण थोडं सैल ठेव, त्यांना हवा लागते.” ठाणे ते डोंबिवली तो डबा मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, “सोलकढी का?” दुसऱ्याच्या टँकमधून रोगराई येऊ शकते, म्हणून ज्याचे मासे डोळ्यांनी बघितलेत त्याच्याकडूनच घ्यावं. काकांनी अजून एक गोष्ट सांगितली: दोन दिवसांआड मोजायचं, रोज नाही. मी रोज दोनदा मोजत होते. सासूबाईंचं म्हणणं वेगळ्या शब्दांत तेच: “दही लागलं का बघायला सारखं बोट घालू नये.”

३१ जानेवारीला नायट्राइटची नळी पहिल्यांदा जांभळट झाली (या टेस्टमध्ये आकाशी म्हणजे शून्य), म्हणजे पहिला गट कामाला लागला. मी लेकीला शाळेतून आल्या आल्या दाखवली. तिला फार काही वाटलं नाही. मला रडू येईल असं वाटत होतं. त्या रिकाम्या पाण्यात कुणीतरी राहायला आलं होतं.

मग उतार: ३ फेब्रुवारीला अमोनिया १, ७ ला ०.२५. नायट्राइट मात्र कार्डाच्या टोकाला, ५. आता जिवाणू उपाशी पडू नयेत म्हणून पुन्हा अमोनिया द्यायचा होता. कोळंबी? घरात तो शब्द काढायची सोय नव्हती. काकांनी सांगितलं, अमोनियम क्लोराइड आण. म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून पांढरी पूड टाकायचा आणि धुराचा लोट उठायचा, तोच. घरी सांगितलं तर सासूबाईंनी भुवया उंचावल्या, “नवसागर? हातभट्टी लावतेस की काय?”

बाजारातल्या नवसागरात काय भेसळ असेल याचा भरवसा नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचा हवा होता. ८ फेब्रुवारी हा दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला, रसायनांच्या दुकानांत गेले. तिथे अर्धा किलोच्या खाली मिळेना. २८० रुपये, पक्कं बिल.

हिशेब इथे देते, कारण मला तो कागदावर तीनदा करावा लागला. १० ग्रॅम अमोनियम क्लोराइड एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. त्याच्या वजनातला साधारण ३२ टक्के भाग अमोनिया, म्हणजे द्रावणाच्या एका मिलीत सुमारे ३.२ मिलिग्रॅम. माझ्या ९० लिटरला १ पीपीएमसाठी ९० मिलिग्रॅम लागतो, म्हणजे २८ मिली. २ पीपीएम हवं तर ५७ मिली. तुमचं पाणी जितकं, त्या प्रमाणात बदला. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती स्वयंपाकघराबाहेर ठेवा.

९ फेब्रुवारी, ५७ मिली. तासाभराने टेस्ट: बरोबर २. इतकं नेमकं उत्तर मला बँकेत ताळेबंद जुळल्यावरच मिळतं.

तीन दिवसांत अमोनिया ०.२५. आणि तिथेच अडकला. १२ ला ०.२५, १४ ला ०.२५, १६ ला ०.२५. शून्य काही होईना. मी वाळू उकरून बघितली, दगडाखाली काही मेलंय का पाहिलं, फिल्टरचा स्पंज हुंगला. पाव पीपीएमने माझी झोप उडवली. १७ च्या रात्री, काहीच सुचेना म्हणून ड्रममधल्या नव्या खाऱ्या पाण्याची टेस्ट केली. ज्यात कधी काही पडलं नव्हतं, त्या पाण्याची. नळी तशीच, पिवळ्यात किंचित हिरवी झाक. सकाळी दोन्ही नळ्या गॅलरीत पांढऱ्या कागदावर उन्हात ठेवल्या: दोन्ही पिवळ्या, दोन्ही सारख्या. हॉलमधल्या एलईडीखाली पिवळा रंग हिरवट दिसत होता, एवढंच. माझं शून्य निदान तीन दिवस आधीच येऊन गेलं होतं. तेव्हापासून दर टेस्टला शेजारी नव्या पाण्याची एक नळी ठेवते आणि रंग कार्डाशी नाही, तिच्याशी लावते.

१८ ला पुन्हा ५७ मिली. या वेळी दीड दिवसात संपला. पहिला गट तयार झाला होता, दुसरा नव्हता. नायट्राइट कमी होण्याचं नाव घेईना. २० ला केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, मोजला, ८ चा ६ झालेला. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला क्षार खात जातं. फार खालावला तर जिवाणूंचं काम थंडावतं. उपाय स्वयंपाकघरातच होता: खायचा सोडा, ५ ग्रॅमहून थोडा जास्त, दोन दिवसांत विभागून, पाण्यात विरघळवून. बेकिंग पावडर नव्हे, ती वेगळी.

नायट्राइटबद्दल दोन गोष्टी उशिरा कळल्या. एक, खाऱ्या पाण्यात ते गोड्या पाण्याइतकं घातक नसतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड एवढं असतं की कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. गोड्या पाण्यातून आलेल्या माझ्यासारखीला त्याचा धसका जास्त होता. दुसरी, नायट्राइट पाण्यात असताना नायट्रेटची टेस्ट करू नये. ते किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मग रंग दाखवतं, त्यामुळे आकडा अवाच्या सवा येतो. मला १०० च्या वर दिसला होता आणि मी उगाच अर्धं पाणी बदलायला निघाले होते.

फेब्रुवारीअखेर दगडांवर तपकिरी भुकटी पसरली, कोकोच्या पावडरीसारखी. हे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ, नव्या टँकला येतातच. काही केलं नाही. त्याच आठवड्यात एकदा रात्री तीन तास वीज गेली. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, म्हणून बॅटरीचा छोटा एअरपंप लावला. ४५० रुपयांची ही वस्तू आधीच घेऊन ठेवा. पाणी उडून कमी होतं तेव्हा भर साध्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या नव्हे. मीठ उडत नाही.

४ मार्चला नायट्राइटची नळी आकाशी. ६ मार्चला, गुरुवारी संध्याकाळी, शेवटचे ५७ मिली. ७ ला त्याच वेळी दोन्ही नळ्या: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. कोळंबीपासून एकावन्न दिवस. नायट्रेट ३०-४० च्या मध्ये, म्हणजे घातलेला अमोनिया मुक्कामी पोचला होता. ९ ला ५४ लिटर पाणी बदललं, नायट्रेट १५ वर.

मासे होळीनंतर, १६ मार्चला आणले. राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीला क्लाऊनफिशची पैदास सुरू केली हे वाचल्यापासून मला टँकमध्ये वाढलेलेच मासे हवे होते. समुद्रातून पकडलेले नकोत. शेवटी एका खासगी ब्रीडरकडून दोन लहान मासे मिळाले, जोडी १,८०० ला.

पिशवीबद्दल एवढं नक्की वाचा. गोड्या पाण्यात मी पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी मिसळायचे. लांबच्या प्रवासातून आलेल्या समुद्री माशाला ते महागात पडू शकतं. बंद पिशवीत माशाचा अमोनिया साठतो, पण त्याच्याच श्वासाने कार्बन डायऑक्साइडही साठतो आणि पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. पीएच ७ ला अमोनियातला शंभरात अर्धा भागही विषारी रूपात नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो. ८.२ ला तोच विषारी भाग शंभरात सहा-सात. म्हणजे पाणी तेच, अमोनिया तोच, आणि मासा आपल्या डोळ्यांदेखत गुदमरतो. मी बंद पिशवी वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवली, तापमान जुळवलं. खारटपणा ब्रीडरला आधीच विचारून टँक त्याच्या जवळ आणून ठेवला होता. पिशवी उघडली, मासे जाळीत घेतले, टँकमध्ये सोडले. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये.

पहिला दिवस दोघंही फिल्टरच्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी लेकीने दुपारी आणि सासूबाईंनी संध्याकाळी, एकमेकींना न सांगता, खाणं घातलं. रात्री नळी शेजारच्या नळीपेक्षा किंचित हिरवी. दहा लिटर पाणी बदललं, एक दिवस उपास. दुसऱ्या दिवशी पिवळी. तेव्हापासून फ्रिजवर कागद चिकटवलाय: घातलं की खूण करायची.

एकूण खर्च मासे धरून चाळीस हजारांच्या थोडा अलीकडे. टँक-स्टँड ११,५००, टेस्ट किट ४,६००, मीठ ४,२०० हे त्यातले मोठे. हे लिहिताना एप्रिल २०२५ आहे, पाणी दुपारी २९ ला जातं म्हणून वर छोटा पंखा लावलाय. तिसरा मासा जूनआधी नाही.

आणि नवसागर. अर्धा किलोतला सगळ्या सायकलिंगला दहा ग्रॅम लागला, उरलेले ४९० ग्रॅम माळ्यावर आहेत. सासूबाईंनी पितळेची तीन पातेली घासून बाहेर काढून ठेवली आहेत. डोंबिवलीत कुणाच्या पाहण्यात कल्हईवाला असेल तर कळवा.